फ्रीजले बी ऊन लागस

आखाजीला माहेरवाशिणी आल्या की जळगावातल्या फ्रीजची परीक्षा सुरू होते. आमरसाची पातेली, उरलेलं पुरण, गरम असतानाच आत सरकवलेलं दूध आणि घडोघडी दार उघडून नुसतंच आत बघत उभी राहणारी भाचरं. यंदा भर दुपारी बाटलीतलं पाणी कोमट निघालं.

धुळ्याच्या मेहुण्यांनी कूलरसमोरच्या गादीवरून न उठता निदान केलं, "गॅस संपला." फ्रीजचा गॅस बंद नळ्यांतच फिरतो, गळती लागल्याशिवाय तो जात नाही. पण मेहुण्यांना डोकेदुखीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्याच्या मुळाशी गॅसच दिसतो, मग फ्रीज कसा सुटणार?

मी दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावलं. ओढल्यावर सहज निघाली तर रबर सैल, असं समजायचं. नोट घट्ट बसली होती. भाच्याने हिसकून काढली आणि कुल्फीवाल्याकडे पळाला, त्यामुळे पुढचं संशोधन थांबलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. त्याने फ्रीजच्या आधी मागच्या भिंतीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "फ्रीजले बी ऊन लागस, भाऊ!"

आतली उष्णता उपसून बाहेर टाकायची, एवढंच फ्रीजचं काम. आमचा फ्रीज पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेला, मागच्या जाळीवर धुळीची गोधडी. टाकणार कुठे बिचारा? त्यात व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर 'टक' करून गप्प.

मग मी माहितीपुस्तिका काढली. हवामानवर्ग 'टी', म्हणजे खास उष्ण कटिबंधासाठी. भोवतालचं तापमान १६ ते ४३ अंश. हा वर्ग ठरवणारी मंडळी मे महिन्यात भुसावळ स्टेशनवर उतरलेली नसावीत. पारा ४५च्या पुढे जाऊन आला की ४३ला आमच्याकडे "आज जरा बरं आहे" म्हणतात.

मिस्त्रीने जाळी ब्रशने झाडली, स्टॅबिलायझर लावायला सांगितला आणि जाता जाता म्हणाला, "जरा वाऱ्यावर ठेवा."

घरात वारा एकाच ठिकाणी होता. आईने जावयाचा मान आणि पातेलंभर आमरस यांचा क्षणभर विचार केला. आता कूलरसमोर फ्रीज आहे. मेहुण्यांची गादी पश्चिमेच्या भिंतीला लागली आहे.