चतुःसीमेतील आत्माविष्कार

सातारा हे माझे जन्मगाव आणि सांगली हे नोकरीचे. परंतु १९४९ साली अस्तित्वात आलेला सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ याच नावाने ओळखला जात असल्यामुळे, मी गाव सोडले हे सिद्ध करण्यास कागदोपत्री आधारच उरत नाही. अशा कागदी आधारांची काळजी वाहण्यात, म्हणजे महसूल खात्यात पंचनामे लिहिण्यात, माझी उमर खर्ची पडली. आणि रविवारी कृष्णेच्या घाटावर बसून जलरंगात चित्रे काढण्याचा जो नाद मला जडला, त्यातही दप्तराची ही वहिवाट माझ्याआधीच येऊन बसली. पूर्वेस नदी, पश्चिमेस रहदारीची वाट, उत्तरेस देऊळ, दक्षिणेस पडीक भिंत अशा चतुःसीमा निश्चित झाल्यावाचून माझा कुंचला पाण्यात बुडत नसे. घाटावरच्या लिंबाला अकरा फांद्या होत्या म्हणून माझ्या प्रत्येक चित्रातील लिंबालाही अकराच असत. आमची मंडळी एकदा चित्र न्याहाळून म्हणाली, “अहो, झालंय छान. खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या म्हणजे दाखल करायला हरकत नाही.”

हा शेरा मी विनोदावारी नेला असता. परंतु पुतण्याच्या एका मित्राने, जो रीतसर चित्रकला शिकलेला होता, अधिक गंभीर हरकत घेतली. “काका,” तो म्हणाला, “तुमच्या चित्रात सगळं आहे, फक्त तुम्ही नाही. आणि तोच घाट, तेच झाड! ताजेपणा कुठंय?” सरकारी हुकमाचा अर्थ शब्दशः लावण्याची सवय असल्याने पुढच्या रविवारी मी घाटाच्या तिसऱ्या पायरीवर छत्रीसह स्वतःला बसवले. तेव्हा त्या तरुणाने दीर्घ उसासा टाकून सांगितले की, आपल्याला अंतरंग अभिप्रेत होते.

अंतरंगाचा शोध मी हरिपुरास केला, कारण आमच्या मुलखात अंतरंग म्हणून दाखवावे असे एकच स्थळ मला ठाऊक होते, आणि ते म्हणजे हळदीची पेवे. जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षे निर्धास्त राहत असे आणि वरून पाहणाऱ्यास माती लिंपलेल्या तोंडाखेरीज काही दिसत नसे, ही गोष्ट आत्माविष्काराच्या दृष्टीने मला मोठी सूचक वाटली. आतील द्रव्य दिसत नाही तर निदान ते कागदावर उतरावे, या हेतूने मी बाजारातील पिवळा रंग वर्ज्य करून स्वयंपाकघरातील हळदच डिंकाच्या पाण्यात खलली. चित्र विलक्षण तेजस्वी झाले. ते मी पूर्वेच्या खिडकीत मांडले. आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे ज्ञान घरातील प्रत्येक स्त्रीस असूनही मला कोणी दिले नाही. महिन्याभरात अंतरंग बेपत्ता झाले. उरली ती चतुःसीमा.

या पराभवानंतर मी औंधास गेलो. सातारा आणि सांगली या आजच्या दोन्ही जिल्ह्यांत ज्यांचा मुलूख विखुरलेला होता, ते भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली औंधच्या गादीवर आले. राज्यकारभार, कीर्तन आणि सूर्यनमस्कार यांतून सवड काढून त्यांनी जन्मभर चित्रे रंगविली, १९१६ साली चित्ररामायण प्रसिद्ध केले आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. स्वतःच्या संग्रही राजा रविवर्म्याची चित्रे असताना स्वतःही कुंचला उचलणे, यास सिंहासनावर बसण्याहून अधिक धारिष्ट लागते. आणि विषय तरी कोणता? ज्याचा शेवट पाळण्यातल्या पोरासही ठाऊक, ते रामायण! परंतु कीर्तनकारास कथा नवी लागत नाही आणि नमस्कार घालणाऱ्यास सूर्य नवा लागत नाही, हे त्या चित्रांसमोर उभे असता मला जाणवू लागले.

त्या जाणिवेवर शिक्कामोर्तब झाले ते परतीच्या वाटेवर, साताऱ्यात. कंदी पेढे घेताना मी सवयीने विचारले, “ताजे आहेत ना?” दुकानदार म्हणाला, “आजचेच आहेत.” बालपणापासून हा प्रश्न मी विचारीत आलो आहे, परंतु “नवीन तऱ्हेचे आहेत का?” असे मी एकदाही विचारलेले नाही, उलट तसे निघते तर मी तक्रारअर्जच केला असता. ताजेपणा आणि नावीन्य ही दोन स्वतंत्र खाती असून, त्यांची दप्तरे मी एकत्र बांधून बसलो होतो.

पुढल्या रविवारी पुन्हा तोच घाट, तोच लिंब. फांद्या मोजल्या, तो दहाच भरल्या. वळवाच्या वाऱ्याने एक मोडून नेली होती. दहा फांद्या झपाट्याने उरकल्या. अकरावीच्या जागी उघड्या पडलेल्या आभाळाच्या तुकड्याला मात्र, किती पातळ निळा लावावा हे ठरविता ठरविता, सारी सकाळ लागली.

घरी मंडळींनी चित्र हातात घेतले.

“अहो, एक फांदी कमी आहे.”

“मोडली.”

ती त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली, मग पदराला हात पुसून म्हणाली, “आणा इकडं पेन्सिल. एक पंच मी. दुसरा तुम्ही शोधा.”