पत्र यंत्र लिहील, फॉर्म तुम्ही भरा

पॅरिस ऑलिंपिकच्या दिवसांत, २०२४ साली, अमेरिकी टीव्हीवर गूगलची एक जाहिरात झळकली. एका चिमुरडीला अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन हिचं वेड. सिडनीला पत्र लिहायचंय. बापाने काय करावं? शेजारी बसून ‘लिही गं, चुकलं तर खोडू’ म्हणावं? छे! तो गूगलच्या जेमिनी या एआयला कामाला लावतो. म्हणे, पत्र अगदी नेमकं हवं!

लहान मुलीच्या पत्रात नेमकेपणा शोधतंय कोण? वेलांट्या चुकलेल्या, ओळी उतरत्या, कोपऱ्यात चितारलेलं पदक. मजा तर त्यातच. लोक इतके भडकले की २ ऑगस्टला गूगलने जाहिरात ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून मागे घेतली. पुढच्याच आठवड्यात सिडनीने ५०.३७ सेकंदांत स्वतःचाच विश्वविक्रम मोडला. शर्यत तिची तिनेच धावली, हे बरं झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलने एका जाहिरातीत आणखी कमाल केली होती. पियानो, ट्रम्पेट, रंगांचे डबे, सगळं एका अजस्र हायड्रॉलिक प्रेसखाली घातलं, चेंदामेंदा केला आणि त्यातून नवा आयपॅड प्रो काढून दाखवला. कंपनीला सांगायचं होतं की हे सगळं आता ५.१ मिलिमीटरमध्ये मावतं. बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच की चांगला पियानो मोडला. आणि हे दाखवलं कुणाला? आयपॅड विकत घेणाऱ्या चित्रकारांना, वादकांना! आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात; ॲपलवाल्यांनी ती सपाट केली. दोन दिवसांत माफी मागितली, टीव्हीवर दाखवायचा बेत सोडला.

मग ॲपलचं एआय, ‘ॲपल इंटेलिजन्स’, आलं. त्याच्या एका जाहिरातीत बायको नवऱ्याचा वाढदिवस विसरते. फोन झटपट जुन्या फोटोंची चित्रफीत जुळवून देतो आणि नवरा विरघळतो. म्हणजे मायाही यंत्रानेच करायची. आपण फक्त बटण दाबायचं.

गोम इथेच आहे. पत्र लिहिणं, वाद्य वाजवणं, वाढदिवस लक्षात ठेवणं ही माणसाला हवीहवीशी कामं. कंपन्यांना नेमकी तीच आपल्या डोक्यावरून उतरवायची घाई. नकोशा कामांचं काय? आपला फोन बहुतेक वेळ टॉर्च असतो, नाहीतर लाइट बिलाचा फोटो काढायचा कॅमेरा, नाहीतर ओटीपीची वाट बघायचं यंत्र. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या पोराला विचारा. फोटो ५० केबीच्या आत हवा, सही २० केबीच्या आत. जरा जास्त झालं की साइट नाकारते, कमी केलं की चेहरा ओळखू येत नाही, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर झोपतो.

पण केबीशी झुंजणारा पोरगा पडद्यावर देखणा दिसत नाही, त्याच्यामागे व्हायोलिनही वाजवता येत नाही. म्हणून त्याची जाहिरात निघत नाही.

निघाली तर खुशाल क्रिकेटच्या मॅचमध्ये दाखवा, शेवटच्या षटकात दाखवा. ‘स्किप’ कुणी दाबणार नाही.