सावधान! साहेब येऊन राहिले

राष्ट्रीय छात्रसेनेच्या १९४८ च्या कायद्यात एक फार दिलासादायक कलम आहे: छात्रसैनिकावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती नाही. स्वागतसेवेबद्दल मात्र कायदा गप्प आहे, आणि शाळांनी ही फट बरोबर हेरली आहे. पाहुणे साडेदहाचे, उगवतात साडेबाराला. तोवर आठवी-नववीची पोट्टी खाकी कपड्यांत, टोपीला लाल तुरा लावून, दोन रांगांत ताटकळत. शत्रू निदान इतका उशीर करत नाही.

वऱ्हाडातल्या उन्हात नुसतं उभं राहणं हेसुद्धा शौर्यच आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाने उन्हापायी थेट कलम १४४ लावलं. इतर गावी हे कलम दंगलीत लागायचं. शाळांना सुट्टी होती, म्हणून स्वागताच्या रांगा वाचल्या.

यंत्रणा तशी चोख आहे. अमरावतीत ग्रुप मुख्यालय आणि ८ महाराष्ट्र बटालियन, अकोल्यात ११ महाराष्ट्र. शाळेतले इतिहासाचे सर प्रशिक्षणासाठी कामठीच्या अकादमीत जातात आणि थर्ड ऑफिसर होऊन परततात. पानिपत शिकवताना ज्यांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, त्यांचं ‘परेड, सावधान’ आता बसस्टँडपर्यंत ऐकू जातं. पोरांचं लक्ष मात्र परेडनंतरच्या नाश्त्याकडे. केळं मिळणार की समोसा, यावर रांगेची सरळ रेष अवलंबून असते.

१५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून १७३ सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांत एक लाख नवे छात्रसैनिक तयार करण्याची घोषणा झाली. त्यात वऱ्हाडाची गोची झाली. इथे समुद्र नाही. सीमा आहे ती मध्य प्रदेशाची, आणि मेळघाटापलीकडून आजवर बऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीखेरीज कसलीही घुसखोरी झालेली नाही.

ही कसर जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी भरून काढली. आता पहिलीपासूनच मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण, आणि त्यासाठी अडीच लाख माजी सैनिकांची मदत! आठवीतल्या पोट्ट्याला डावा-उजवा पाय कळेस्तोवर दिवाळी येते. पहिलीतल्याचे तर बूटच उलटे असतात. शिवाय जुना अनुभव आहे. चीनच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली होती. पाचच वर्षांत सक्ती उठली, दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना आली आणि बंदुकीऐवजी घमेलं-फावडं हाती आलं. मिसरूड फुटलेल्या गड्यांवर जे टिकलं नाही, ते दुधाचे दात पडणाऱ्यांवर टिकवायचं आहे.

अमरावतीला कवायत शिकवायला कुणी यावं, हेही गमतीचंच. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि १९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. तेव्हा कुणी पहिलीच्या वर्गावर फर्मान काढलं नव्हतं.

नववीतल्या पोराला विचारलं, की काहून बा छात्रसेनेत आला, तर तो देशप्रेमाचं भाषण देत नाही. ‘सर, ए सर्टिफिकेट असलं की भरतीत बोनस मार्क भेटते.’ बापाच्या कपाशीचा भाव पाहता हा हिशेब पक्का आहे. दोन वर्षं परेड करायची, मग पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचं, आणि नंबर लागला तर २०२२ च्या अग्निवीर योजनेत चार वर्षांची नोकरी. चौघांतला फार तर एक पुढे कायम होणार, बाकीचे तिघे परत गावी. त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे पहिलीच्या वर्गावर कवायत घ्यायला ते चालतील का, हे आधी मंत्रालयाला विचारावं लागेल.