उघडून बघूवाले काका

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये लिफ्ट किती आणि बंद पडलेले सीसीटीव्ही किती, हे आकडे बदलतील; पण उघडून बघूवाले काका एक असतातच. टेलिफोन खात्यातून नाहीतर एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त. शर्टाच्या खिशात टेस्टर. एकेकाळी इमारतीतले मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर सगळे त्यांच्याच टेबलावरून जायचे. मग दिवस फिरले. टीव्ही पातळ झाले, मोबाइल डिंकानं चिकटवून यायला लागले. ज्याला स्क्रूच दिसत नाही अशा वस्तूचं काकांनी करायचं काय? असा सगळा दुष्काळ चालू असताना बेंगळुरूच्या मुलानं आईच्या गुडघ्यांचा विचार करून रोबो व्हॅक्यूम क्लीनर पाठवला. काकांनी खोकं फोडलं, यंत्र उलटं केलं, आणि तळाला आठ स्क्रू दिसल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

ते यंत्र फरशी झाडतं, हा काकांच्या लेखी त्याचा किरकोळ गुण. मोठा गुण हा की ते बिघडतं, आणि आपल्या घरांत तर फारच मनापासून बिघडतं. पायपुसण्याचे गोंडे, फुलवातींचा कापूस, चिवड्यातले निसटलेले पोहे, चार्जरची वायर यांतलं त्याला काहीही पुरतं. पण खरा शत्रू केस. घरातल्या बायकांचे लांब केस मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना असे आवळून बसतात की बेअरिंग जाम, मोटरवर लोड, आणि यंत्रातली बाई इंग्रजीतून तक्रार करून जागच्या जागी थांबते. उपाय सोपा आहे. ब्रश काढायचा, टोपण उपसायचं, कात्रीनं केस कापून चिमट्यानं ओढायचे. दोन मिनिटांचं काम. पण दोन मिनिटांत झाली तर ती दुरुस्ती कसली?

म्हणून काका रीतसर बसतात. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर. त्यावर थर्माकोलचा तुकडा. त्या तुकड्यावर यंत्राचा आराखडा स्केचपेननं काढलेला, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचलेला. (पद्धत उत्तम आहे, चष्म्याच्या दुकानांतही मी इतकी शिस्त पाहिली नाही.) तरी एक स्क्रू उडतोच. मग काका पालथे पडून सोफ्याखाली मोबाइलचा उजेड मारतात, काकू भाजी घेऊन ताटकळतात. शेवटी सात स्क्रूंवर यंत्र बंद होतं, चालूही होतं, आणि संध्याकाळी कचऱ्याचा डबा उपडा केल्यावर आठवा स्क्रू त्यातून निघतो. यंत्रानंच शोधला. काका हे सगळ्यांना सांगतात, आणि श्रेय यंत्राला देतात. एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

निदान करताना काकांचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करावं लागेल. यंत्र हॉलमधून स्वयंपाकघरात जाईना. दारापर्यंत यायचं, थबकायचं, मागं फिरायचं. घरकामाच्या मावशी म्हणाल्या, “तुमच्या कासवाला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय.” काकांनी दोन दिवस निरीक्षण केलं आणि जाहीर केलं, दोष यंत्राचा नाही, बिल्डरचा आहे. दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी होती. यंत्राच्या पोटाशी इन्फ्रारेडचे डोळे असतात. ते खाली किरण सोडतात, फरशीवरून किरण परत आले की पुढं जायचं, नाही आले तर समोर जिना आहे असं समजून माघार घ्यायची. काळा गुळगुळीत दगड किरण पुरेसे परत देत नाही. म्हणजे आपण ज्याला उंबरा म्हणतो त्याला ते दरी समजत होतं. हे अगदी खरं आहे.

इथं थांबले असते तर ते काका कसले! त्यांनी मिठाईच्या खोक्यातला चांदीचा कागद कापला आणि त्या चारही डोळ्यांवर एकेक तुकडा सेलोटेपनं चिकटवला. आता किरण कागदावर आपटून हमखास परत. यंत्र ग्रॅनाइट ओलांडून स्वयंपाकघरात गेलं, काकूंनी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा पुढचं दार उघडं राहिलं. यंत्र बाहेर पडलं, शेजाऱ्यांची रांगोळी साफ केली आणि निर्भयपणे जिना उतरायला लागलं. मधल्या वळणापर्यंत पोहोचलं. आवाज ऐकून सगळा मजला गोळा झाला. काका खाली उतरले, यंत्र उचलून उलटं धरलं, कागद जागेवर असल्याची खात्री केली आणि समाधानानं म्हणाले, “म्हणजे आपलं लॉजिक बरोबर होतं.”

अशा वेळी त्यांना इतिहासही आठवतो. असलं यंत्र बाजारात पहिल्यांदा आणलं इलेक्ट्रोलक्सनं, २००१ साली, नाव ट्रायलोबाइट. पाठोपाठ २००२ मध्ये अमेरिकेत आयरोबोटचा रूम्बा आला. “आणि याच आयरोबोटचे रोबो त्याच वर्षी अफगाणिस्तानात सैन्याबरोबर गुहा तपासत होते, आहेस कुठं!” काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “मग कॉटखाली जायला का कुरकुरतो?”

काकूंच्या गुडघ्यांचं म्हणाल, तर हिशेब असा. यंत्र सोडण्याआधी खुर्च्या वर ठेवायच्या, पायपुसणी उचलायची, वायरी गुंडाळायच्या. दुरुस्तीनंतर टेबलाखालची धूळ मावशींनी झाडूनं काढायची. मावशींना हे यंत्र मनापासून आवडतं. ते आल्यापासून त्यांचं काम वाढलं आणि पगारही.

बॅटरी उतरली तेव्हा मात्र काकांचं वेगळंच रूप दिसलं. सर्व्हिस सेंटरनं न उघडताच “मदरबोर्ड गेलाय” असं सांगून जो आकडा लिहून दिला, त्यात नवं यंत्र येण्यासारखं होतं. मदरबोर्ड हा शब्द काकांना शिवीसारखा लागतो. त्यांनी मल्टिमीटर लावला. आत चार लिथियम सेल एकामागोमाग जोडलेले, एकूण १४.४ व्होल्टची बॅटरी. त्यातला एकच सेल बसला होता. इथं थट्टा बाजूला ठेवतो. लिथियम सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग द्यायचा नाही, तो तापून पेटू शकतो. पट्टी स्पॉट वेल्डिंगनंच बसवायची. आणि तीन जुन्यांत एक नवा मिसळायचा नाही, चारही एकदम बदलायचे. हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ते बसनं बुधवार पेठेत गेले, तपकीर गल्लीत तयार पॅक भावात घासाघीस करून घेतला, शेजारी चहा घेतला आणि ज्या माणसाकडून पॅक घेतला त्यालाच सर्व्हिस सेंटरची कथा मीठमिरची लावून ऐकवली. यंत्र नव्यासारखं पळायला लागलं.

आणि काकांचा उत्साह मावळला. यंत्र आठवडाभर विनातक्रार चाललं. काका त्याच्यामागं हात पाठीशी बांधून हिंडायचे. “डावं चाक किंचित आवाज करतंय का गं?” काकू म्हणायच्या, “अजिबात नाही.” यावर चाक खोलता येत नाही.

त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तसंच यंत्र घेतल्याची बातमी आली. काका सहज म्हणून खाली गेले, पेचकस सहज खिशात होता. वहिनी हुशार. चहा दिला, यंत्र बेडरूममध्ये नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, “काका, वॉरंटी आहे हो अजून. स्टिकर फाटलं तर ते लोक बघत नाहीत.” स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून अख्खं कसं सोडवायचं, हे काकांनी त्यांना समजावून पाहिलं. वहिनी बधल्या नाहीत. तेव्हा काकांनी बिल मागून घेतलं, तारीख वाचली, आणि घरी येऊन कालनिर्णयात संकष्टीच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहून ठेवलं: दुसरा मजला, वॉरंटी समाप्त, सकाळी दहाला जाणे.