हवामान खात्याच्या साहेबांस, सविनय

रा. रा. विलिस मूरसाहेब,
प्रमुख, अमेरिकी हवामान खाते, वॉशिंग्टन
यांस सा. न. वि. वि.

पत्राला सव्वाशे वर्षं उशीर झाला, क्षमस्व. पण निरोप वेळेवर पोचलाच पाहिजे, असा आपल्या खात्याचा हट्ट कधीच नव्हता. तेव्हा आपण समजून घ्याल.

प्रथम अभिनंदन. 8 सप्टेंबर 1900 रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावर आदळलेलं चक्रीवादळ हे अमेरिकेच्या इतिहासातलं सर्वांत प्राणघातक नैसर्गिक संकट. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मेलेल्यांचा आकडा कुणी 6,000 सांगतं, कुणी 12,000. बहुतेक जण 8,000 धरून चालतात. वादळ काही आपण आणलं नव्हतंत, हे मान्य. आपण फक्त त्याची खबर देणाऱ्यांची तोंडं बांधलीत.

आणि तेही किती सफाईने! क्यूबा तेव्हा आपल्या लष्कराच्या ताब्यात, म्हणजे तारयंत्रणाही ओघाने आलीच. हवानात बेलेन वेधशाळा होती, जेसुइट पाद्र्यांची. तिथल्या बेनितो विन्येस यांनी उंचावरचे पिंजारलेले ढग कुठून कुठे सरकतात ते पाहून वादळाचा मध्य ताडायची विद्या उभी केली, आणि 1875 पासून ते वादळांचे इशारे देत आले. त्यांच्या पश्चात लोरेन्सो गांगोइते यांनी ते काम पुढे चालवलं. इतक्या वर्षांचा अनुभव दाराशी फुकट उभा. पण आपल्या माणसांचं मत पडलं की हे क्यूबावाले उगाच घबराट पसरवतात. शिवाय आपल्या खात्याच्या आधी अंदाज देऊन मोकळे होतात, हा त्याहून मोठा गुन्हा. मग आपण युद्धखात्याकडे शब्द टाकलात, आणि ऐन वादळांच्या मोसमात क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवायला बंदी झाली. कोंबडं झाकलं की तांबडं फुटत नाही, हे शास्त्र वॉशिंग्टनमध्येही शिकवतात, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

वादळ क्यूबावरून गेलं. हवानातले पाद्री म्हणाले, हे मेक्सिकोच्या आखातात शिरून बळावणार आणि टेक्सासकडे जाणार. आपलं खातं म्हणालं, छे, ते फ्लोरिडावरून वळसा घेऊन अटलांटिक किनाऱ्याने वर जाणार. वादळाने बिचाऱ्याने आपलं पत्रक वाचलं नसावं.

गॅल्व्हेस्टन तरी कसलं? समुद्रात पसरलेली वाळूची पट्टी, वस्ती 37,000 च्या वर, आणि सगळ्यांत उंच जागा 9 फुटांपेक्षाही कमी. शेजारचं इंडियानोला बंदर 1875 आणि 1886 अशा दोन वादळांत उद्ध्वस्त झालं, तेव्हा इथे समुद्राला भिंत घालायची चर्चा झाली होती. पण आपलेच तिथले अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी 1891 मध्ये वर्तमानपत्रात लिहून टाकलं की या शहराला वादळाचा मोठा धोका आहे, हा निव्वळ भ्रम. भिंत राहिली. शुक्रवारी, 7 तारखेला, शहरात वादळाचा बावटा चढला: लाल, मध्ये काळा चौकोन. चक्रीवादळाचा नव्हे. तसला इशारा द्यायचा तर वॉशिंग्टनची परवानगी लागे. शिस्त म्हणजे शिस्त. शनिवारी सकाळी रस्त्यांत पाणी आलं, तर पोरं फळकुटांच्या होड्या करून खेळत होती. संध्याकाळी 15 फुटांहून उंच पाणी बेटावर चढलं. त्यात क्लाइन यांचं घर गेलं, बायको गेली.

सेंट मेरी अनाथालय अगदी किनाऱ्यावर होतं. तिथल्या 10 नन्सनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढल्या आणि एकेकीने सहा-आठ मुलं आपल्या कमरेला बांधून घेतली. 93 मुलांपैकी तिघे जगले. नन एकही नाही. नंतर प्रेतं सापडली, ती दोरीने बांधलेलीच. यावर काही खोचक लिहावं म्हटलं, पण जमलं नाही. आपल्याला सुचलं तर कळवावं.

प्रेतं पुरायला कोरडी जमीन नव्हती म्हणून पडावांतून नेऊन समुद्रात टाकली, तर ती लाटांबरोबर परत किनाऱ्याला लागली. मग शहरभर चिता पेटल्या.

उरलेल्यांनी 17 फूट उंच भिंत घातली, 1904 मध्ये ती पुरी झाली. नुसती भिंत नाही, घरंदारं जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळू भरली आणि अख्खं शहर वर घेतलं. सेंट पॅट्रिक चर्चसुद्धा शेकडो जॅक लावून 5 फूट उचललं. 1915 साली तितकंच दांडगं वादळ आलं, तेव्हा माणसं मेली, पण त्या मानाने फारच थोडी.

आपली खुर्ची मात्र 1900 मध्ये इंचभरही हलली नाही. ती गेली 1913 मध्ये. गॅल्व्हेस्टनमुळे नव्हे! नव्या मंत्रिमंडळात आपल्याला कृषिमंत्रिपद हवं होतं, त्यासाठी आपण खात्यातल्या माणसांना कामाला जुंपल्याचा ठपका आला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी आपल्याला घरी पाठवलं. 8,000 माणसं बुडाली ती खपून गेली. मंत्रिपदाची खटपट तेवढी भोवली. याचा अंदाज आपल्या खात्याने आधी दिला होता का, तेवढं कळवावं.

कळावे,
आपला,
आकाशाकडे स्वतःच बघून घेणारा एक वाचक