भरितात टोमॅटो

भाचा नोकरीनिमित्त प्रागला असतो. परवा भरिताच्या बेताला तो जळगावजवळच्या आमच्या मळ्यात आला, तो ॲबसिंथची निळीशार बाटली घेऊन. धुळ्याचे मेहुणे ती उन्हात धरून म्हणाले, "शाई आहे का रे भो?"

ही दारू मूळची स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सरहद्दीवरची. तिच्यातलं कडू झुडूप आपल्या दवण्याचं चुलतभावंड. आपण दवणा जोतिबाला वाहतो, त्यांनी त्याच्या भावाची दारू गाळली. अस्सल रंग पाल्याचा, हिरवा. भोकांच्या चमच्यावर साखरेचा खडा ठेवून थेंबथेंब गार पाणी सोडलं, की बडीशेपेच्या तेलाने पेला दुधाळ होतो. न्हाव्याच्या वाटीतलं डेटॉल होतं ना, अगदी तसा.

भाच्याच्या बाटलीत बडीशेप नावालाच. पाणी ओतलं, ढवळलं. निळं ते निळंच. मग त्याने साखर दारूत बुडवून काडी लावली. हे पेटवणं चेक लोकांनी १९९० नंतर काढलेलं. "जाणकार याला ॲबसिंथ म्हणतच नाहीत," तो ओशाळून म्हणाला.

"बरोबरच आहे त्यांचं," मेहुणे म्हणाले.

तेवढ्यात चुलीपाशी सूनबाईने फोडणीत टोमॅटो टाकला.

मेहुणे ताडकन उठले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस्स! जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय टोमॅटो घालायला? (मानांकन वांग्याला आहे, भरिताला नाही, पण त्या क्षणी हे बोलायची माझी छाती झाली नाही.)

भाचा म्हणाला, "मामा, स्वित्झर्लंडात १९१० ते २००५ ॲबसिंथला बंदी होती. लोक चोरून गाळायचे आणि हिरवा रंग ओळखू येऊ नये म्हणून बिनरंगी ठेवायचे. आता तिथले म्हातारे त्या बिनरंगी दारूलाच अस्सल म्हणतात. आणि तुमची मिरची, शेंगदाणे? दोन्ही अमेरिकेतून आलेले. टोमॅटो त्यांच्याच गावचा!"

मेहुणे क्षणभर गप्प. मग म्हणाले, "पण ते आधी आले ना!"

कळण्याच्या भाकरीशी त्यांनी दोनदा भरीत मागून घेतलं. ताट उचलताना पाहिलं, तर कडेला टोमॅटोच्या साली ओळीने लावून ठेवलेल्या होत्या. गर मात्र कुठे दिसला नाही.