सूर्यफूल तेलाचेच असते

माननीय संचालक मंडळ, बीपी,
सेंट जेम्स स्क्वेअर, लंडन, यांस



2021 मध्ये रिलायन्सच्या भागीदारीतला आपला पहिला पंप नवी मुंबईत, नावड्याला सुरू झाला, तेव्हापासून मी आपल्याला घरचेच समजतो. म्हणून हे पत्र आधी अभिनंदनाचे. फेब्रुवारी 2025 मध्ये आपण तेल आणि वायूवरची गुंतवणूक वर्षाला 10 अब्ज डॉलरपर्यंत नेली आणि हरित ऊर्जेच्या नियोजित वार्षिक खर्चातले 5 अब्जांहून अधिक कापून टाकले. आपण फार पुढे, फार घाईने गेलो होतो, असे आपल्या तेव्हाच्या प्रमुखांनी सांगितले. दमलेला माणूस घरी परतला, तर त्याला बोल कशाला लावायचा?

सन 2000 मध्ये आपण बोधचिन्हातली जुनी ढाल उतरवून हिरवे-पिवळे सूर्यफूल लावलेत आणि पेट्रोलियमच्या पलीकडे निघाल्याची द्वाही फिरवलीत. जग हुरळले. आम्हा मराठी माणसांची मात्र फसगत झाली नाही. आमच्या किराणाच्या यादीत ‘सूर्यफूल’ लिहिले की वाणी मुकाट्याने तेलाची पिशवी काढून देतो.

एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून लिहितो. 1997 मध्ये आपले तेव्हाचे प्रमुख जॉन ब्राऊन यांनी स्टॅनफर्डला हवामानबदलाचा धोका उघडपणे मान्य केला, तेव्हा बाकीचे तेलसम्राट कानांवर हात ठेवून बसले होते. त्या भाषणाला धैर्य लागले असणार. म्हणूनच पुढचे वाचवत नाही.

आपला सौरऊर्जेचा धंदा चाळीस वर्षांचा. बंगळुरात टाटांबरोबर आपण पॅनेलही बनवलेत. 2011 च्या अखेरीस तो धंदा गुंडाळलात, कारण पॅनेल इतके स्वस्त झाले की त्यात नफा उरला नाही. म्हणजे ऊन जेव्हा गरिबाच्या छपरापर्यंत पोहोचू लागले, नेमके तेव्हाच ते आपल्याला परवडेनासे झाले.

मग 2020 उजाडले. महासाथीत तेल गडगडले आणि आपल्याला वसुंधरा आठवली. 2030 पर्यंत तेल-वायूचे उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू, असा संकल्प सोडलात. रशियाच्या रोसनेफ्ट या तेलकंपनीतल्या आपल्या वाट्याचे तेल त्या हिशेबात नव्हते, पण व्रतात फराळ चालतोच. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, तेल चढले, आपल्याला जवळजवळ 28 अब्ज डॉलर नफा झाला. आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 40 चे 25 झाले. 2025 मध्ये तेही गेले. उत्पादन आता वाढवायचे आहे, अमेरिकेतल्या जमिनीवरच्या पवनचक्क्याही विकल्यात. तेल पडले की पृथ्वी आणि चढले की भागधारक, असा हा नेम आहे. तो मात्र आपण कधी मोडला नाहीत.

आमच्यावरचे आपले उपकार वेगळेच. प्रत्येकाने आपला ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजावा, हे जगाच्या डोक्यात भरवण्यात आपल्या जाहिरातींचा मोठा वाटा. त्यासाठी गणकयंत्रही फुकट दिलेत. मी गीझर लवकर बंद करू लागलो, दिवे मालवत हिंडू लागलो. घरच्यांनी मला चिक्कू ठरवले. पुढे 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात आपल्या विहिरीवर स्फोट झाला. 11 कामगार गेले. 87 दिवस तेल वाहत राहिले, अमेरिकी सरकारच्या अंदाजाने सुमारे 49 लाख पिंपे. हा ठसा कोणाच्या पायाचा, हे भरायला त्या गणकयंत्रात रकानाच नव्हता. माझी स्कूटरही पेट्रोलच पिते, हे कबूल. पण पृथ्वी वाचवण्याची जाहिरात मी तिच्यावर कधी चिकटवली नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये ब्राझीलजवळच्या समुद्रात आपल्याला पंचवीस वर्षांतला सर्वांत मोठा साठा सापडल्याचे वाचले. पुन्हा अभिनंदन. आता एकच विनंती. पुढचा हरित संकल्प जाहीर कराल, तेव्हा पिंपामागे किती डॉलर भाव होईपर्यंत तो पाळला जाईल, तेवढा आकडा खाली बारीक अक्षरांत छापा. भाव तिथे पोहोचला की आम्ही आपले आपण समजून घेऊ. आपला माघारीच्या पत्रकाचा खर्च वाचेल.



आपला नम्र,
एक गिऱ्हाईक